नातीला नापास करावे म्हणून

प्रति,
माननीय प्रमुख अधिकारी,
दुचाकी सुरक्षा व प्रशिक्षण कार्यालय,
मास्तरांच्या जुन्या मैदानालगत.

अर्जदार : मैदानवाल्या काकू (कार्यालयातील जुन्या मंडळींना एवढी ओळख पुरते)

विषय : अर्जदाराच्या नातीस दिलेले ‘सुरक्षित दुचाकीचालक, उत्तम श्रेणी’ हे प्रमाणपत्र रद्द करून तिला रीतसर नापास करण्याबाबत.

संदर्भ : १) अर्जदाराचा पहिला अर्ज. २) त्यावर आपल्या कार्यालयाचे उत्तर : ‘प्रमाणपत्रधारकास पुन्हा प्रशिक्षण देता येत नाही.’ ३) आपण स्वतः अर्जदाराच्या स्वयंपाकघरात दिलेला शब्द. (याची नक्कल उपलब्ध नाही.)

महोदय,

खिडकीवरच्या कारकुनांनी अर्जदारास पहिल्याच दिवशी बजावले, की अर्जात ‘मी, मी’ केले की साहेबांना ते भांडण वाटते आणि ‘अर्जदार’ लिहिले की काम वाटते. म्हणून पुढील मजकुरात जी म्हातारी बाई येते, तिला अर्जदार म्हटले आहे. आपण तिला काकू म्हणत होता.

१. आपल्या टेबलावरून रोज ढीगभर कागद जातात, तेव्हा आधी ओळख पटवून दिलेली बरी. आपल्या कार्यालयामागे ज्या जागेवर आज ‘दुचाकी सुरक्षा उद्यान’ अशी पाटी आहे, ते मास्तरांचे मैदान. मास्तर म्हणजे अर्जदाराचे पती. नव्याने मोटारसायकल घेतलेली तरुण मुले-मुली त्यांच्याकडे शिकायला येत. तिथे फरशी नव्हती, बाके नव्हती, कारंजे तर नव्हतेच. पत्र्याची एक शेड होती, ऑइलचा वास होता आणि वळणे दाखवायला रंगवलेले रिकामे डबे होते. मास्तर आल्या आल्या कोणाला किल्ली देत नसत. आधी बंद गाडी हाताने ढकलत मैदानाला फेऱ्या मारायच्या. मुले कुरकुरत. ‘मास्तर, आम्ही चालवायला आलोय, हमाली करायला नाही.’ मास्तर म्हणत, ‘हिचं वजन आज हाताला कळू दे. नाहीतर एखाद्या दिवशी अंगावर आली की कळेल.’ मग गाडी मुद्दाम आडवी पाडायची आणि कंबर न मोडता उचलायची. त्यानंतर कुठे इंजिन सुरू व्हायचे.

२. पुढे काय शिकवले जाई ते आपणांस ठाऊक आहे. परंतु आपल्या नव्या पुस्तिकेत ते कुठे सापडले नाही, म्हणून थोडक्यात नोंद करणे भाग आहे. पुढचा ब्रेक ओला कपडा पिळावा तसा दाबायचा, आधी हलका, मग घट्ट. मागचा त्याच्या जोडीला. नजर पुढच्या चाकावर नाही, जिथे जायचे तिथे. उभ्या मोटारीजवळून जाताना आत डोके दिसते का ते पाहायचे, कारण डोके असेल तर दार उघडू शकते. ट्रकच्या कडेला रेंगाळायचे नाही. त्याच्या आरशात ड्रायव्हरचे तोंड दिसत नसेल, तर त्याच्या लेखी आपण रस्त्यावर नाहीच. आणि समोरचा कोणीही आपल्याला बघत नाही असे धरूनच चालवायचे. एका मुलीने विचारले होते, ‘मास्तर, एवढा संशय घेत बसलं तर जगायचं कसं?’ मास्तर म्हणाले, ‘गाडीवर असेपर्यंत संशय घे. उतरलीस की खुशाल सगळ्यांवर विश्वास ठेव.’ यातले दुसरे वाक्य अर्जदाराने फार मनावर घेतले. त्याचे फळ म्हणजे हा अर्ज.

३. सर्वांत शेवटी डबलसीटची परीक्षा. ही पद्धत फक्त मास्तरांच्या मैदानावर होती. मास्तरांचा एक चांगला तयार झालेला विद्यार्थी पहिल्यांदाच बहिणीला मागे बसवून निघाला आणि वळणावर आडवा झाला. त्याला नुसते खरचटले. बहिणीचा पाय कायमचा आखडला. मास्तरांना कित्येक दिवस जेवण गेले नाही. मग एका सकाळी ते अर्जदारास म्हणाले, ‘तू बसशील का यांच्या मागे? एकट्याने चालवता येते म्हणजे अजून अर्धीच येते.’ तेव्हापासून प्रत्येक विद्यार्थ्याच्या मागे अर्जदार बसू लागली. डब्यांमधून, वाळू टाकलेल्या वळणावरून, मध्येच शिट्टी वाजली की थांबून, अशी मैदानाला फेरी घालायची. अर्जदाराचे दोन्ही हात मांडीवर. तोल जातोय असे वाटून तिचा हात चालवणाऱ्याच्या खांद्यावर गेला, की तो नापास. वाद नाही, अपील नाही. अर्जदारास गाडी चालवता येत नव्हती, आजही येत नाही. पण हात काही विचारून जात नाही. वाऱ्यासाठी ती एक निळा स्वेटर घालत असे. शेडच्या दारात तो दिसला, की ‘निळा स्वेटर आला रे,’ अशी कुजबुज व्हायची आणि भलेभले घाम पुसायचे.

४. आपण त्या परीक्षेत दोनदा नापास झालात. ब्रेक असा मारायचात, की अर्जदाराचे हेल्मेट आपल्या हेल्मेटवर आपटायचे. मुले आपणांस ‘झटक्या’ म्हणत. हा उल्लेख मानहानीसाठी नाही, ओळख पटावी म्हणून आहे. दुसऱ्यांदा तिचा हात आपल्या खांद्यावर पडला तेव्हा आपण शेडमागे जाऊन रडत बसलात. अर्जदार चहा घेऊन आली तर म्हणालात, ‘काकू, आजच्या दिवस हात मांडीवर ठेवला असता तर काय बिघडलं असतं?’ ती म्हणाली, ‘तुझं नसतं बिघडलं. माझंही नसतं. उद्या तुझ्या मागे जी बसेल, तिचं बिघडलं असतं.’ तिसऱ्या खेपेला आपण गाडी अशी थांबवलीत, की थांबल्याचे अर्जदारास कळलेही नाही. पुढे लग्न झाल्यावर आपल्या पत्नीला पहिल्यांदा मागे बसवून आणलेत ते थेट मैदानावर, दाखवायला. अर्जदारास हल्ली कालचे आठवत नाही, हे आठवते.

५. मास्तर गेले आणि मैदान ओस पडले. आपण तोवर या कार्यालयात मोठ्या खुर्चीपर्यंत पोहोचला होता. एक दिवस घरी आलात, नेहमीच्या स्टुलावर बसलात आणि म्हणालात, ‘काकू, जागा कार्यालयाला वापरायला द्या. मास्तरांचं काम आम्ही पुढे नेऊ. नव्या गाड्या येतील, शिकवणारी माणसं येतील. आणि डबलसीटची परीक्षा राहणारच, हा माझा शब्द.’ अर्जदाराच्या मुलीने तिथेच टोकले, ‘आई, लिहून घे.’ अर्जदार तिच्यावरच खेकसली, ‘याच्या मागे मी डोळे मिटून बसलेय. याच्याकडून काय लिहून घ्यायचं?’ आणि आपण पुढे केलेल्या कागदावर सही करून मोकळी झाली. लिहून घेतले ते आपण, तिने नाही.

६. सुरुवातीला खरोखर वर्ग भरले, हे कबूल केले पाहिजे. मग धूळ उडते म्हणून मैदानावर फरशी आली. फरशीवर टायरचे काळे डाग पडतात म्हणून गाड्या बंद झाल्या. गाड्या नाहीत तर जागा ओकीबोकी दिसते, म्हणून झाडे, कारंजे आणि वाहतुकीच्या खुणांचे रंगीत फलक आले. आज त्या दुचाकी सुरक्षा उद्यानाच्या फाटकावर लिहिले आहे : ‘दुचाकींना प्रवेश नाही.’ प्रशिक्षण आता थंडगार हॉलमध्ये होते. एक चित्रफीत दाखवतात, प्रश्नांच्या उत्तरांवर खुणा करायला लावतात आणि शेवटी जमिनीला बोल्टने आवळलेल्या एका मोटारसायकलवर बसवून समोरच्या पडद्यावरचा रस्ता पार करायला सांगतात. शिकवणारा तरुण गोड बोलतो. अर्जदाराने त्याला विचारले, ‘बाळा, तुझी गाडी कोणती?’ तो म्हणाला, ‘मी बसने येतो, आजी. मला दुचाकीची भीती वाटते.’ त्या इमारतीत दुचाकीविषयी खरे बोलणारा तो एकटाच भेटला.

७. अर्जदाराची नात, म्हणजे मुलीची मुलगी, लहानपणापासून अर्जदाराकडेच वाढली. तिला रक्त तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत काम मिळाले आहे. सकाळी घरोघर जाऊन रक्ताचे नमुने घ्यायचे आणि ते वेळेत पोहोचवायचे. येत्या सोमवारी रुजू व्हायचे आहे. स्वतःची मोटारसायकल हवी आणि आपल्या कार्यालयाचे प्रमाणपत्र हवे, अशी अट आहे. ती आपल्या हॉलमधून ‘उत्तम’ होऊन आली. प्रमाणपत्रात लिहिले आहे : ओल्या रस्त्यावरील नियंत्रण, उत्तम. गर्दीत राखलेले अंतर, उत्तम. सहप्रवाशाची काळजी, अत्युत्तम. खाली आपली सही. तोपर्यंत ती एकदाही ओल्या रस्त्यावर, गर्दीत किंवा कोणाला मागे घेऊन गेलेली नव्हती. अर्जदार खिडकीतून बघते. गल्लीतून निघताना पोरीचे दोन्ही पाय जमिनीवर घासत असतात, नजर चाकावर असते आणि हेल्मेटचा पट्टा गळ्याशी लोंबत असतो. ‘अगं, पट्टा तरी लाव,’ म्हटले की ती फ्रिजवर चिकटवलेल्या प्रमाणपत्राकडे बोट दाखवते. ‘आजी, बघ काय लिहिलंय. उत्तम. तुझ्या मास्तरांनी कधी कोणाला उत्तम म्हटलं होतं?’ नव्हते म्हटले. मास्तर ‘बरं आहे’ म्हणत, आणि त्यावर मुले पेढे मिळाल्यासारखी खूश होत.

८. म्हणून अर्जदाराने पहिला अर्ज केला, की नातीला खऱ्या गाडीवर पुन्हा शिकवावे. प्रमाणपत्रधारकास पुन्हा शिकवता येत नाही, असे उत्तर मिळाले. मग प्रमाणपत्र रद्द करा, असे तिने खिडकीवर जाऊन सांगितले. कारकून म्हणाले, ‘असं कसं रद्द होईल, आजी? अपघात झाला की या. मग लगेच होतं.’ ‘आणि व्हायच्या आधी?’ ‘आधी काही कारणच नाही ना.’ ते उद्धटपणे बोलले नाहीत. त्यांनी नियम वाचून दाखवला, चष्मा पुसला आणि रांगेतल्या पुढच्या माणसाला हाक मारली.

९. तेव्हा अर्जदाराने नातीला गळ घातली, की एकदा मला मागे बसव. मैदानावर जायचा विचार होता, पण फाटकावरच्या पहारेकऱ्याने पाटी दाखवली. म्हणून कार्यालयामागच्या, वर्दळ नसलेल्या गल्लीतून सावकाश जायचे ठरले. अर्जदाराने हेल्मेट घातले, पट्टा लावला, हात मांडीवर ठेवले. किती वर्षांनी कोणाच्या तरी मागे बसून अंगावर वारा आला, आणि खोटे कशाला सांगा, क्षणभर फार बरे वाटले. कोपऱ्यावर खडी सांडली होती. नातीला ती चाकाखाली आल्यावरच दिसली. घाबरून तिने पुढचा ब्रेक एकदम आवळला. अर्जदाराचा हात तिच्या खांद्याकडे गेला, पण तोवर खांदाच खाली गेला होता. नातीचा गुडघा खरचटला. अर्जदाराचे उजवे मनगट मोडले. (त्यामुळे हा अर्ज शेजारच्या शिक्षिकाबाईंनी लिहून दिला आहे. शब्द अर्जदाराचे आहेत, शुद्धलेखन त्यांचे.) नात रस्त्यात उभी राहून पुन्हा पुन्हा म्हणत राहिली, ‘खडीमुळे झालं, आजी. खडी नसती तर काही झालं नसतं.’ अर्जदार खाली बसल्या बसल्याच म्हणाली, ‘बाळा, खडी असणारच आहे.’

१०. प्लॅस्टर पुरते वाळण्याआधी अर्जदार पुन्हा खिडकीवर आली. अपघात झाला आहे, आता रद्द करा. कारकुनांनी पुन्हा नियम काढला. इजा चालकास झालेली असली पाहिजे. मागे बसलेल्या व्यक्तीस झालेली इजा धरत नाहीत. ‘तिचाही गुडघा फुटलाय,’ अर्जदार म्हणाली. ‘टाके पडले?’ पडले नव्हते. ‘मग नाही हो बसत, आजी,’ असे कारकून अगदी हळहळून म्हणाले. अर्जदार आयुष्यभर मागेच बसली. मागे बसणाऱ्याचे मोडलेले हाड हाडात धरत नाहीत, हे तिला या वयात, आपल्याच कार्यालयात कळले.

११. तेवढ्यात आपण आलात. प्लॅस्टर पाहून ‘अरेरे काकू, जपायला हवं या वयात,’ म्हणालात, आणि ते कसे झाले हे न विचारताच तिला कौतुकाने हॉलमध्ये घेऊन गेलात. त्या बोल्टने आवळलेल्या मोटारसायकलच्या मागच्या सीटवर माणसाएवढी कापडी बाहुली बसवलेली होती, पांढऱ्या केसांची. तिच्या अंगात निळा स्वेटर होता. मध्यंतरी आपला शिपाई घरी येऊन म्हणाला होता, ‘साहेबांना आठवण म्हणून काकूंची एखादी वस्तू हवीय.’ अर्जदाराने स्वेटर धुतला, कोपराला रफू केले, घडी घालून दिला. तिला वाटले, आपण तो घरी ठेवाल. ‘ओळखलंत का?’ आपण विचारलेत. ‘सगळी मुलं हिला काकूच म्हणतात. डबलसीटची परीक्षा ठेवीन म्हटलं होतं ना? ठेवली की नाही?’ आपण हे मनापासून म्हणालात, डोळ्यांत पाणी आणून म्हणालात, आणि तेच अर्जदारास अधिक लागले. थट्टा केली असतीत तर सुनावता आले असते. तिने बाहुलीच्या जवळ जाऊन पाहिले. दोन्ही हात मांडीवर दोऱ्याने पक्के शिवलेले आहेत. ते उचलत नाहीत. या परीक्षेत आजवर एकही विद्यार्थी नापास झालेला नाही, असेही आपण अभिमानाने सांगितलेत. अर्जदार तिथून थेट घरी आली.

१२. घरी आल्यावर प्रमाणपत्र रद्द करवणार असल्याचे तिने नातीला सांगितले. नात भडकली. ‘लोकांच्या आज्या आशीर्वाद देतात. माझी मला नापास करायला निघालीये! नोकरी गेली तर?’ तिची भीती खरी आहे. प्रयोगशाळेच्या बाईंनी स्पष्ट सांगितले आहे, की प्रमाणपत्र नसेल तर जागा दुसऱ्या कोणाला जाईल. नातीच्या दृष्टीने दगा दिला तो अर्जदाराने, आणि तिचे अगदीच चुकते असेही म्हणवत नाही. ती अबोला धरून बसली. काल मात्र जेवता जेवता एकदम म्हणाली, ‘साहेबांनीच उत्तम लिहिलंय ना? मग त्यांना सांग, बसा माझ्या मागे. ते नीट बसले तर तू गप्प बसायचंस. नाही बसले, तर तो कागद मीच नेऊन देते परत.’ मास्तर असते तर म्हणाले असते, ‘बरं आहे.’

१३. सबब आपणांस विनंती आहे ती अशी. सोमवारी सकाळी कार्यालय उघडण्यापूर्वी उद्यानाचे फाटक उघडून द्यावे आणि कारंज्यापाशी जे वळण आहे तिथे थोडी वाळू टाकावी. आपण नातीच्या मागे बसावे, दोन्ही हात मांडीवर ठेवून. सावकाश एक फेरी. शिट्टी अर्जदार डाव्या हाताने वाजवील.

आपला हात नातीच्या खांद्यावर गेला नाही, तर अर्जदार हा अर्ज मागे घेईल, नातीची माफी मागेल आणि पुन्हा आपल्या दारात येणार नाही. हात गेला, तर प्रमाणपत्र तिथल्या तिथे रद्द करावे, नातीला आणि तिच्यासारख्या सगळ्या ‘उत्तम’ मुलांना त्याच जागेवर, खऱ्या गाडीवर शिकवावे, आणि प्रयोगशाळेच्या बाईंना आपल्या सहीने कळवावे, की उशीर झाला तो कार्यालयाच्या चुकीमुळे, मुलीच्या नव्हे. तिची नोकरीची जागा त्यांनी राखून ठेवावी, असेही त्यात लिहावे.

स्वेटर परत मिळावा. थंडीसाठी नको आहे. त्याच्या नावावर यापुढे कोणाला पास केले जाऊ नये, एवढ्यासाठी.

मागे बसण्याची आपणांस भीती वाटली, तर त्यात कमीपणा मानू नये. फक्त मग ती भीती या अर्जाचा पुरावा म्हणून नोंदवून घ्यावी. कारण त्याच सीटवर उद्या कोणाची तरी बहीण, कोणाची तरी आई आपली सही वाचून निर्धास्त बसणार आहे. हेल्मेट स्वतःचे आणावे. दुसऱ्याचे डोक्याला नीट बसत नाही.

एके काळी आपल्या पाठीमागे डोळे मिटून बसलेली,

अर्जदार
(सही डाव्या हाताने केली आहे, वाकडी आली आहे, परंतु तिचीच आहे.)

दिनांक : सोमवारच्या आधीचा शनिवार

सोबत :
१) नातीच्या प्रमाणपत्राची झेरॉक्स. (मूळ प्रत नात फ्रिजवरून काढू देत नाही.)
२) अर्जदाराच्या मनगटाचा एक्स-रे. नियमात बसत नसला तरी पाहावा.
३) मैदानाच्या फाटकाची जुनी किल्ली. कुलूप तेच असल्यास वापरावी. बदलले असल्यास कधी बदलले, ते कळवावे.